‘बोर्ड गेला’ म्हणण्याआधी चिप बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाले. तेव्हापासून घरच्या कॉम्प्युटरवर पोट असलेली माझ्यासारखी अनेक माणसं जुन्या मशीनमध्ये नवा प्रोसेसर बसवून विंडोज ११ वर जायच्या खटपटीत आहेत. त्याच खटपटीत माझं मशीन बंद पडलं. दुकानात ‘बोर्ड गेला’, म्हणजे आतला मदरबोर्डच खराब झाला, असं सांगितलं. हे पत्र मी त्याच बोर्डावर टाइप करते आहे, आणि म्हणूनच ते तुमच्या वाचकांपर्यंत पोचावं असं फार वाटतं.

मी विट्यात घरातूनच डीटीपी करते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, गणेश मंडळांच्या पावत्या. मशीन बी४५० जातीच्या बोर्डाचं, त्यात रायझन ३ २२००जी हा प्रोसेसर. या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्याच बोर्डावर रायझन ५ ५६००जी बसतो, पण आधी बायोस, म्हणजे बटण दाबल्याबरोबर कॉम्प्युटरला जागं करणारा बोर्डावरचा प्रोग्राम, नवा करावा लागतो, नाहीतर जुन्या बायोसला तो ओळखूच येत नाही. फाइल कंपनीच्या साइटवरून उतरवली, पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून त्यात टाकली, बायोसमध्ये जाऊन अपडेट सुरू केलं. पट्टी निम्म्याच्या आसपास आली आणि लाइट गेली. घरात इन्व्हर्टर आहे, म्हणून मी निर्धास्त होते. पंखा थांबलासुद्धा नाही. कॉम्प्युटर मात्र एकदा बंद होऊन पुन्हा चालू झाला, आणि त्यानंतर पडद्यावर काहीच आलं नाही. आतले पंखे फिरत होते, दिवे लागत होते, पडदा काळा.

त्या वेळी हातात चार पत्रिका होत्या, त्यातल्या दोन दुसऱ्या दिवशी छापायला जायच्या. दुकानदारांनी बोर्डावरचा सेल काढून बघितला, रॅम बदलून बघितली आणि सांगितलं, की बोर्ड गेला, नवा घ्या, साडेसात हजार, विंडोज टाकायचे वेगळे, डेटाची गॅरंटी नाही. डेटाचं ऐकून माझे हातपाय गळाले. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली पंधरा वर्षांची कामं त्या डिस्कवर आहेत. आता कळतं, की बायोसचा आणि डिस्कचा काही संबंध नव्हता. बायोस बोर्डावरच्या एका वेगळ्या चिपमध्ये असतो, डिस्कला त्या अपडेटने हातही लागलेला नसतो. हे एक वाक्य मला त्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर रात्रभर झोप उडाली नसती.

माझा भाचा सांगलीला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला आहे. फोनवर सगळं ऐकून तो म्हणाला, “आत्या, नवा बोर्ड घेऊ नकोस. बोर्ड मेलेला नाही, त्याचं लिहिलेलं पुसलंय. मी शनिवारी येतो.”

शनिवारी तो आला तेव्हा खिशात मावेल एवढं यूएसबीचं यंत्र, एक चिमट्यासारखी क्लिप आणि एक छोटा अडॅप्टर घेऊन आला. यंत्राचं नाव सीएच३४१ए प्रोग्रामर, चिपमधलं वाचायचं आणि चिपमध्ये लिहायचं यंत्र. क्लिप आणि अडॅप्टर धरून हजाराच्या आत मिळतं. आधी त्याने भिंतीतली पिनच काढून टाकली, सेल काढला. मग मोबाइलचा टॉर्च लावून चिप दाखवली. आठ पायांची, हरभऱ्याच्या डाळीएवढी, एका कोपऱ्याला बारीक टिंब. माझं भिंग घेऊन त्याने तिच्यावरचा नंबर वाचला आणि म्हणाला, बरं झालं बघितलं, ही १.८ व्होल्टवाली आहे. यंत्रातून ३.३ व्होल्ट येतात, म्हणून मध्ये तो अडॅप्टर. घाईत थेट क्लिप लावली असती, तर चिप खरोखरच जळू शकली असती. क्लिपची लाल वायर टिंबाच्या बाजूला. पहिल्यांदा क्लिप नीट बसली नाही, सगळं रिकामं वाचलं गेलं. काढून, पाय पुसून पुन्हा लावली.

लिहिण्याआधी त्याने चिपमधलं होतं ते तसंच दोनदा वाचून लॅपटॉपवर ठेवलं आणि दोन्ही फाइली एकमेकींशी ताडून बघितल्या. मी म्हटलं, बिघडलेलं कशाला जपतोस? तर म्हणाला, बऱ्याच बोर्डांचा नेटवर्कचा पत्ता, सिरियल नंबर याच चिपमध्ये असतो, पुसला तर परत कुठून आणणार? मग पुसणं, लिहिणं, पुन्हा वाचून पडताळणं. चिप १६ एमबीची, पण यंत्र सावकाश चालतं. वीसेक मिनिटं आम्ही दोघं त्या पट्टीकडे बघत बसलो. लॅपटॉप बॅटरीवर होता, त्यामुळे लाइटीची भीती नव्हती. सगळं जोडून बटण दाबल्यावर पहिल्या खेपेला पडदा बराच वेळ काळाच राहिला. भाचा म्हणाला, थांब, रॅम ओळखतोय. आणि मग कंपनीचं चिन्ह आलं. मी देवासमोर साखर ठेवली.

नवा प्रोसेसर बसवल्यावर स्क्रीनवर एक प्रश्न येतो, एफटीपीएम (प्रोसेसरमधली कुलपाच्या किल्ल्या ठेवायची जागा) पुसायचं का, वाय दाबा की एन. ज्यांची डिस्क विंडोजच्या बिटलॉकरने कुलूपबंद आहे त्यांनी आपली ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवल्याशिवाय वाय दाबू नये. माझी डिस्क तशी नव्हती, तरी भाच्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

दुकानदारांवर माझा राग नाही. पण १९९९ साली मी कॉम्प्युटर शिकत होते, आणि त्या वर्षी २६ एप्रिलला सीआयएच व्हायरसने कितीतरी मशीनचा बायोस पुसला होता. तेव्हा बऱ्याच बोर्डांवर चिप खाचेत बसवलेली असे. ती उपसून, दुसरीकडे लिहून परत बसवली की मशीन चालू. आता चिप डाग देऊन पक्की केलेली असते, काम थोडं किचकट झालं आहे इतकंच. ते शिकलेली पोरं सांगलीत, कोल्हापुरात आहेत, मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडेही बऱ्याचदा अशी यंत्रं असतात. मग साडेसात हजारांचा चांगला बोर्ड भंगारात का घालायचा? केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं, ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. आणि तालुक्याच्या गावात एका डाळीएवढ्या चिपपायी अख्खा बोर्ड फेकायला सांगतात, याचं मनापासून वाईट वाटतं.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी आधी कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे का ते बघावं. असेल तर पुस्तिकेत दिलेल्या नावाने फाइल पेनड्राइव्हमध्ये टाकायची, खूण केलेल्या यूएसबीत लावायची आणि बटण दाबायचं. प्रोसेसर, रॅम नसली तरी चालतं. काही बोर्डांवर बायोसच्या दोन चिपा असतात, त्यातही बोर्ड वाचवण्याची सोय असते. माझ्या बोर्डावर यातलं काही नव्हतं.

आणि इन्व्हर्टर. आमच्या इन्व्हर्टरच्या मागे धुळीत एक लहान स्विच सापडला, एका बाजूला इको, दुसऱ्या बाजूला यूपीएस. बसवून दिला त्या दिवसापासून तो इकोवर होता. इकोवर लाइट गेल्यावर बदल व्हायला जो क्षण जास्त लागतो, तो पंख्याला कळत नाही, कॉम्प्युटरला कळतो. आता तो यूपीएसवर आहे.

आपल्या पेपरमधून गावोगावच्या कॉम्प्युटर दुकानदारांना माझी हात जोडून विनंती आहे. हे यंत्र घ्या, एखाद्या पोराला शिकवून तयार करा, आणि ‘झेरॉक्स काढून मिळेल’ अशी पाटी लावता तशीच शेजारी ‘बायोस लिहून मिळेल’ अशीही लावा.

आपली,
एक डीटीपी व्यावसायिक वाचक,
विटा, जि. सांगली