एक गट सुधारला आणि दुसरा नाही, म्हणून काय?

पुणे, १२ जुलै

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, याबद्दलची तुझी तक्रार सुनंदामार्फत पोचली. प्रकृती बरी आहे, साखर आटोक्यात आहे, गुडघ्याचे जुनेच चालू आहे. आज लिहायला बसलो ते मात्र तुझ्याखेरीज कोणाला सांगून उपयोग नाही म्हणून, कारण तू एकदा यातून गेला आहेस.

इथल्या एका मानसशास्त्र विभागात पीएचडी करणारी एक मुलगी संख्याशास्त्रीय विश्लेषणासाठी माझ्याकडे येते. प्राणायामाने अवधान सुधारते का, हा तिचा विषय. विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एकाकडून ८ आठवडे प्राणायाम करून घेतला, दुसऱ्याकडून काहीच नाही, आणि आधी व नंतर दोघांचीही स्ट्रूप चाचणी घेतली. चाचणी तिने मराठीत फार छान बनवली आहे. ‘हिरवा’ हा शब्द लाल शाईत छापलेला असतो आणि शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा असतो. मी स्वतः देऊन पाहिली. तिसऱ्या ओळीपर्यंत ठीक चालले होते, मग ‘पिवळा’ निळ्या शाईत आला आणि मी मोठ्याने ‘पिवळा’ म्हणून मोकळा झालो. जरा वेळाने पुन्हा दिली, तर प्राणायाम वगैरे काही न करता माझा वेळ चांगलाच खाली आला. ही गोष्ट लक्षात ठेव, पुढे लागेल.

खरे आकडे तिचे आहेत, ते मी पत्रात लिहिणार नाही. त्यांच्या तोंडावळ्याचे बनवून देतो. प्रत्येक गटात २४ जण धर. प्राणायामाच्या गटाचा वेळ सरासरी ६.१ सेकंदांनी कमी झाला, पी-व्हॅल्यू (परिणाम मुळात नसताना एवढा किंवा याहून मोठा बदल योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०३. कंट्रोल गटाचा, म्हणजे काहीच न करणाऱ्यांचा, ४.६ सेकंदांनी कमी झाला, पी-व्हॅल्यू ०.०९. तिच्या मार्गदर्शक मॅडमनी यावरून लिहिलेले वाक्य असे: ‘प्राणायाम गटात सार्थ सुधारणा आढळली, कंट्रोल गटात आढळली नाही, अर्थात प्राणायामाने अवधान सुधारते.’ लेखकांच्या यादीत तिसरे नाव माझे आहे.

तुला पुढचे सांगायला नको, तरी सांगतो, कारण ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही. प्रश्न दोन गटांतल्या फरकाचा आहे आणि त्या फरकाची चाचणी कोणी केलेलीच नाही. दोन्ही सरासऱ्यांची प्रमाणत्रुटी, म्हणजे त्यांतली अनिश्चितता, २.६ धरली, तर १.५ सेकंदांच्या फरकाची प्रमाणत्रुटी जवळजवळ ३.७ येते आणि पी-व्हॅल्यू ०.६८ च्या आसपास जाते. एक आकडा ‘सार्थ’ ठरवण्याच्या ०.०५ या रूढ मर्यादेच्या अलीकडे आणि दुसरा पलीकडे पडला, एवढ्यावरून ते दोन आकडे एकमेकांपासून वेगळे ठरत नाहीत. कंट्रोल गट सुधारला ‘नाही’ हेही खोटेच. तो सुधारला, आणि का सुधारला ते मी त्या कागदासमोर बसून अनुभवले आहे.

मॅडमना मी न्यूवेनहाउस आणि सहकाऱ्यांचा २०११ चा लेख पाठवला. त्यांनी पाच अव्वल नियतकालिकांतले मेंदूविज्ञानाचे ५१३ लेख तपासले होते. त्यांपैकी १५७ लेखांत नेमकी ही तुलना करण्याची वेळ आली होती. ७८ जणांनी ती बरोबर केली, ७९ जणांनी आपल्या मॅडमसारखी. उत्तर आले, ‘म्हणजे निम्म्यांचे चालले आहे ना!’ मला खरोखर हसू आले, आणि हसू आले याचाच मग राग आला.

त्यानंतर सूचनांचा पाऊस सुरू झाला. फक्त मुली घेऊन पाहा, फक्त नियमित येणारे घेऊन पाहा, वेळेऐवजी चुका मोजा. परिणाम मुळात नसताना अशा २० स्वतंत्र चाचण्या केल्या तर निदान एक तरी ‘सार्थ’ निघण्याची शक्यता ६४ टक्के असते, हे आपण बीएस्सीला खडूने फळ्यावर काढले होते. मेलेल्या सामन माशाला एमआरआय यंत्रात ठेवून माणसांची छायाचित्रे दाखवणारा तो प्रयोग आठवतो? असंख्य तुलना केल्याबद्दलची दुरुस्ती न करता पाहिले तर त्या मेलेल्या मेंदूतही ‘हालचाल’ दिसत होती. २०१२ मध्ये त्याला इग नोबेल हे गमतीदार संशोधनाचे पारितोषिक मिळाले, तेव्हा तू म्हणाला होतास की रावसाला अखेर समाधी लागली. तो विनोद मी मॅडमना सांगितला नाही. सांगायला हवा होता.

मॅडमचा समज असा झाला आहे की मी प्राणायामाला निरुपयोगी म्हणतो. मी स्वतः रोज सकाळी अनुलोम-विलोम करतो! फरकाचा ९५ टक्क्यांचा विश्वासांतराल, म्हणजे खरा फरक जिथे असू शकतो तो पट्टा, उणे ५.९ पासून अधिक ८.९ सेकंदांपर्यंत पसरला आहे, म्हणजे बराच फायदा, थोडा तोटा किंवा काहीच नाही, यांपैकी काहीही या माहितीशी जुळते. मध्यम आकाराचा परिणाम खरोखर असला तरी २४-२४ जणांत तो पकडण्याची शक्यता जेमतेम ४० टक्के. ८० टक्के हवी तर प्रत्येक गटात ६४ जण लागतात. बटन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मेंदूविज्ञानातल्या अभ्यासांची मध्यक पॉवर, म्हणजे खरा परिणाम पकडण्याची हीच शक्यता, २१ टक्क्यांच्या आसपास काढली होती. त्या मानाने या मुलीचा अभ्यास चांगलाच म्हणायचा.

आता तुझ्याशी जुने भांडण. त्या वेळी तू पेपरवरून नाव काढून घेतलेस, दार आपटून निघून गेलास, आणि संख्याशास्त्रातले नेमान, सुखात्मे, फर्ग्युसनची परंपरा असे मोठे भाषण मला गरवारे पुलावर उभे राहून ऐकवलेस. सुखात्मे फर्ग्युसनमधून लंडनला नेमानकडे गेले हे खरे, पण त्याचा तुझ्या दार आपटण्याशी काय संबंध, हे मला अजून कळलेले नाही. तुझे गणित बरोबर होते. पण पेपर जसाच्या तसा छापला गेला. फक्त आक्षेप घेणारा एक माणूस त्यातून कमी झाला. तेव्हा मला तुझे वागणे पटले नव्हते आणि आजही पटत नाही. शिवाय तुझ्यामागे कोणाची शिष्यवृत्ती अडकलेली नव्हती. या मुलीची डिसेंबरमध्ये संपते.

म्हणून मी नाव काढणार नाही. निष्कर्षाचा भाग मी नव्याने लिहिला आहे: दोन्ही गट सुधारले, फरक इतका, विश्वासांतराल इतका, अमुक संख्येशिवाय उत्तर मिळणार नाही, आणि ज्या उपगटांकडे डोकावून पाहिले ते सगळे उघड सांगितले आहेत. प्रबंधाला एवढे पुरेसे आहे असे मला वाटते. मॅडमना पटेल असे वाटत नाही, आणि त्या ठाम नाही म्हणाल्या तर मुलीला काय सांगायचे यापाशी मी अडलो आहे.

चिन्मयीला प्रवेश मिळाला हे ऐकून आनंद झाला, तिला आशीर्वाद सांग. वहिनींचे डोळ्याचे ऑपरेशन नीट पार पडले ना? घर रंगवायला एवढ्यात काढू नकोस, पाऊस जाऊ दे.

मजकूर सोबत जोडला आहे. मॅडमची भेट सोमवारी दुपारी आहे. त्याआधी तिसरे पान तरी वाच, आणि जिथे माझी भाषा अकारण टोचते तिथे खूण कर. टोचण्याच्या बाबतीत तुझ्याइतका जाणकार माझ्या ओळखीत दुसरा नाही.

तुझा,
श्रीकांत