ओसरीतली अंगणवाडी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे ठीक आहेत. पाऊस बरा आहे, पऱ्हाटी कमरेला लागली, निंदणाला मात्र बाया मिळत नाहीत. आई, गुडघ्याची गोळी रिकाम्या पोटी घेऊ नको. वहिनीलाही तसं सांगितलं आहे.

आमच्या अंगणवाडीत नवीन मदतनीस रुजू झाली. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "ताई, माझं काम नेमकं काय?" मी कागदावरचं सांगितलं : लेकरांना घरून आणणं, झाडझूड, पाणी भरणं, आहार शिजवून वाढणं. सांगून झालं आणि वाटलं, आपण हिला काहीच सांगितलं नाही. आई, तू इतकी वर्षं मदतनीस होती, आणि तुझं काम या यादीत कुठेच बसत नाही. ते तुम्हा दोघांना लिहूनच सांगावं म्हणून बसले आहे.

आधी बाबांचं. बाबा, गावात अंगणवाडीला खोली नव्हती तेव्हा तुम्ही आपली ओसरी दिली. भाडं घेतलं नाही. लोकांना वाटायचं, रिकामी जागा होती, दिली. रिकामी कुठली? सीतादही, म्हणजे वेचणीची पहिली पूजा, झालं की घरात कापूस यायला लागायचा आणि त्याच्या जागी लेकरं बसलेली. मग कापूस आपल्या झोपायच्या खोलीत, आढ्यापर्यंत. रात्रभर सगळ्यांच्या अंगाला खाज. खोली भरली की तुम्ही भावाची वाट न पाहता माल विकून टाकायचे. शेजारचे संक्रांतीपर्यंत थांबायचे आणि क्विंटलमागे जास्तीचे पैसे घ्यायचे. यावरून घरात कधी बोलणं झालं नाही. "धुऱ्यावर साप-विंचवात झोपण्यापरीस लेकरं इथं बरी," एवढंच तुम्ही एकदा म्हटलं होतं. आज मी स्वतः शेतकऱ्याच्या घरात आहे. कापूस लवकर विकणं म्हणजे काय, ते मला आता पुरतं कळतं.

आई, कागदावर तुझं काम दहाला सुरू व्हायचं. वेचणीच्या बाया उजाडताच निघायच्या. त्यामुळे तुझा चहा चुलीवर असतानाच लेकरं दारात उतरायची, कोणाचं नाक वाहतं, कोणाची चड्डी ओली. "दहाला आणा" असं तू एकीलाही म्हटलं नाही.

सालदाराची ती थोरली पोरगी तुला आठवत असेल. काखेत धाकटा भाऊ, म्हणून तिची शाळा बुडायची. अंगणवाडीत बसवायचं ते तीन ते सहा वर्षांच्या लेकरांना, हा भाऊ दीड वर्षाचाही नव्हता. तू त्याला तिच्या काखेतून घेतलं. "जाय माय तू शाळेत, ह्याले मी पाह्यतो." ती पोरगी आता नर्स आहे, आरोग्य उपकेंद्रात. लसीकरणाच्या दिवशी आमच्या गावाला येते आणि आधी तुझी चौकशी करते, मग पेटी उघडते. लहान लेकराला सांभाळलं की त्याच्या मागची बहीणही शिकते, हे मला तिच्याकडे पाहून समजलं.

आणि वजनाचा दिवस. हल्ली दंडाला पट्टी लावतात. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की लाल, म्हणजे लेकरू तीव्र कुपोषित. अशा वेळी त्याच्या मायला चारचौघांत बोललं की ती पुढच्या महिन्यात लेकरू आणतच नाही. तुझ्या वेळी ही पट्टी नव्हती, आढ्याला टांगलेला काटा होता. पण लेकरू उतरलेलं दिसलं की तू तिथे काही बोलायची नाही. संध्याकाळी तिच्या चुलीपाशी जाऊन बसायची आणि आधी तिलाच विचारायची, "तू जेवली का बाई?" मग ती रडायची, मग सांगायची. तिच्याच घरच्या तुरीच्या वरणात भाकर कुस्करून, वरून तेलाची धार घालून तू लेकराला भरवून दाखवायची. थोडं थोडं, दिवसातून चार-पाचदा.

यंदा उन्हाळ्यात माझ्याकडे अशीच एक पोरगी होती. कुपोषित लेकरांना जादा आहार देतात त्या ग्राम बाल विकास केंद्रात तिचं नाव घेतलं, पण तिची माय दोन दिवस आली आणि मग येईना. मी तिच्या चुलीपाशी गेले. तुझाच प्रश्न विचारला. पोरीची पट्टी आता पिवळ्यात आली आहे. परवा तिच्या मायने पदरात बरबटीच्या शेंगा आणल्या. मी घेतल्या. तूच सांगायची ना, लेकराच्या मायने दिलेलं नाही म्हणू नये, तिलाही कधी देणारं व्हायचं असतं.

बाबा, प्रशिक्षणात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याबद्दल ऐकलं. १९४५ साली त्यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. गरीब वस्तीतली लेकरं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्या बालवाडी घेऊन वस्तीच्या अंगणात गेल्या. आपल्या अंगणवाड्या ज्यात येतात ती सरकारची एकात्मिक बालविकास योजना त्यानंतर तीस वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, देशात ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली. ताराबाईंबद्दल ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे आपली ओसरी होती. तुम्हा दोघांना ही नावं माहीत नव्हती, तरी तुमचं घर त्याच कामाचं घर होतं, असं मी अगदी अभिमानाने म्हणते.

आई, तुला पगार मिळाला नाही, मानधन मिळालं, आणि तेही कधी वेळेवर नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडीच्या बायांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असा निकाल दिला. मी तो फोनवर वाचून दाखवला तेव्हा तू आधी विचारलं, "मदतनिसाले पण का?" हो आई, मदतनिसांनाही. लेकराला उचलून घेणाऱ्या हाताला या देशात अजून पुरतं मोल नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

पत्राचं मुख्य कारण आता लिहिते. तान्ह्या पोळ्याला तुम्ही दोघं इकडे या. अंगणवाडीतल्या लाकडी बैलांची चाकं निघाली आहेत. बाबा, पटाशी आणि रंधा सोबत घ्या, सागाच्या फळ्या मी आणून ठेवते. आई, तू दोन-चार दिवस अंगणवाडीत नुसती खुर्चीवर बस. नवीन मदतनीस हुशार आहे, पण एक पोरगा सकाळी सोडला की तासभर रडतो आणि ती घाबरून जाते. तिला तुझ्याजवळ बसायचं आहे, तसं तिनेच मला विचारलं.

दुपारच्या एसटीने निघा, सकाळच्या गाडीत बसायला जागा मिळत नाही. हे स्टँडवर घ्यायला येतील. औषधांची पिशवी विसरू नका.

तुमची लेक