जुन्या मोटारीला नवे इंजिन बसवताना

प्रति,
संपादक महोदय,

अमेरिकेतील जुन्या ‘मसल कार’ना, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकांतील मोठ्या इंजिनांच्या वेगवान गाड्यांना, आधुनिक इंजिन बसवण्याच्या वाढत्या हौसेवर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख मी मनापासून वाचला. डिट्रॉइटच्या परिसरात माझे गेली एकवीस वर्षे वास्तव्य आहे आणि 1969 सालच्या शेव्हरोले शेव्हेल मालिबू गाडीत असे इंजिन मी स्वतः बसवून घेतले आहे. त्यामुळे लेखातील उत्साह मला परका नाही. परंतु अश्वशक्तीच्या आकड्यांच्या ओघात लेखकाकडून काही महत्त्वाच्या गोष्टी सुटल्या आहेत आणि त्या वाचकांसमोर याव्यात, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

प्रथम त्या आकड्यांविषयी. लेखात जुन्या आणि नव्या इंजिनांची अश्वशक्ती शेजारी शेजारी ठेवून तुलना केली आहे. ती बरोबर नाही. 1971 पर्यंत अमेरिकी कंपन्या सामान्यतः एअर फिल्टर, सायलेन्सर, अल्टरनेटर यांचा भार नसलेले इंजिन चाचणीच्या स्टँडवर चालवून मिळणारा आकडा जाहीर करीत. 1972 पासून गाडीत बसवलेल्या स्थितीतील शक्ती मोजली जाऊ लागली. माझ्या गाडीच्या मूळ 307 घनइंची इंजिनाची कागदावरची 200 अश्वशक्ती आणि आता बसवलेल्या, 2003 सालच्या पिकअपमधून काढलेल्या 5.3 लिटर इंजिनाची 285 अश्वशक्ती यांतील खरे अंतर म्हणूनच दिसते त्याहून बरेच मोठे आहे, आणि पुढे सांगितलेल्या प्रसंगाचे मूळही त्यातच आहे.

1997 च्या कॉर्व्हेटपासून जनरल मोटर्सने आणलेली एलएस कुळातील इंजिने जुन्या शेव्हरोले गाड्यांत सहज मावतात, याचे कारण त्यांच्या रचनेत आहे. कॅमशाफ्ट सिलिंडर हेडवर नसून ब्लॉकमध्येच असल्यामुळे इंजिन अरुंद राहते. जुन्या माउंटिंगवर जोडपट्ट्या बोल्टने आवळून ते चेसिसला धक्का न लावता बसवता येते. पिकअपचे खोल ऑइल पॅन, म्हणजे इंजिनाच्या तळाचे तेलाचे भांडे, मात्र बदलावे लागते. खरे काम पेट्रोलच्या वाटेवर आहे. कार्बुरेटरला चौरस इंचाला पाच ते सात पौंड दाब पुरतो, तर माझ्या इंजिनाच्या इंजेक्टरना सुमारे 58 पौंड लागतो. जुन्या रबरी नळ्या आणि इंजिनावरचा यांत्रिक पंप तसाच ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण होय. टाकीत विजेचा पंप, नव्या नळ्या, वायरिंग हार्नेस, संगणक, ऑक्सिजन सेन्सर आणि बहुधा मोठा रेडिएटर, एवढे सगळे इंजिनाबरोबर येते.

ब्रेकचा उल्लेख मात्र लेखात एकदाही नाही. माझ्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. ते पुरेसे आहेत, असे ज्या गॅरेजने इंजिन बसवले त्यांनी सांगितले आणि मीही ते ऐकले, ही माझी चूक. इंजिन बसवले त्याच वर्षी टेनेसीतील न्यूफाउंड गॅपचा घाट पत्नी आणि मुलीसह उतरताना प्रत्येक वळणावर गाडी पूर्वीपेक्षा अधिक वेगाने पोहोचत होती. वेग दीडपट झाला की ब्रेकना शोषावी लागणारी ऊर्जा सव्वादोन पट होते. तापलेले ड्रम प्रसरण पावून आतून त्यांना घासणाऱ्या लायनरपासून दूर जाऊ लागले, लायनरची पकड सुटली, आणि पेडल पूर्ण दाबूनही गाडी आवरेना. खालचा गिअर टाकून आणि पार्किंग ब्रेक हळूहळू लावत मी ती रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत उभी केली. मुलगी मागच्या सीटवर गप्प बसून होती; तिचा तो चेहरा मी विसरू शकत नाही. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि त्यांना साजेसा मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेकपर्यंत पोहोचवणारा भाग) बसवल्यावरच मी ती गाडी पुन्हा घाटात नेली. इंजिनाची ऑर्डर देण्याआधी ब्रेकची द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रश्न कोणत्या गाडीला हात लावू नये, हा आहे. 1968 पासून जनरल मोटर्सच्या इंजिन ब्लॉकवर गाडीच्या चेसिस क्रमांकाचा काही भाग कोरलेला असतो. तो जुळला, तर ते इंजिन त्या गाडीबरोबरच कारखान्यातून बाहेर पडले, याचा तो मोठा पुरावा ठरतो. 1969 च्या शेव्हेलमध्ये तर ‘एसएस 396’ ही अधिक शक्तिशाली आवृत्ती वेगळे मॉडेल न राहता केवळ जादा पैशांचा पर्याय झाले होते, त्यामुळे चेसिस क्रमांकावरून खरी एसएस ओळखता येत नाही आणि मूळ इंजिनाचे मोल आणखी वाढते. असे जुळणारे इंजिन काढून पिकअपचे बसवणे मला मान्य नाही. माझ्या मालिबूचे मूळ इंजिन मी ती घेण्याआधीच नाहीसे झाले होते. तिच्यात कोणाच्या तरी दुसऱ्याच गाडीचे थकलेले इंजिन होते, म्हणून मला संकोच वाटला नाही. तरीही मी पत्रा कोठे कापू दिला नाही. साठच्या दशकातील मस्टँगमध्ये फोर्डचे 2011 पासूनचे रुंद ‘कोयोट’ इंजिन बसवताना पुढच्या सस्पेन्शनचे टॉवर बहुधा कापून टाकावे लागतात. लेखात हे कौशल्य म्हणून गौरवले आहे, पण त्या गाडीला पूर्वस्थितीत आणणे पुढच्या मालकाला जवळपास अशक्य होते, हेही सांगायला हवे होते.

लेख वाचून पुण्यातील माझ्या भाच्याने आमच्या घरच्या जुन्या मोटारीसाठी इंजिन पाठवाल का, असे विचारले. तेथील कायदा वेगळा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि 2021 च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी असणे पुरेसे नाही. ती मूळ स्वरूपात असावी लागते आणि तिच्या चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. भाच्याला मी नकार कळवला आहे. आपल्या इतर वाचकांसाठी त्या लेखाला पूरक म्हणून हे नियम पुरवणीत छापावेत, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक
डिट्रॉइट परिसर, मिशिगन