नारायणहिटीतला शेवटचा राजा

महोदय,

नेपाळात ‘राजा परत आणा’ अशा घोषणा अधूनमधून ऐकू येतात, त्यावरून हे पत्र. १९९० च्या जनआंदोलनापुढे राजे वीरेंद्र वेळीच नमले, बहुपक्षीय लोकशाही मान्य केली आणि सिंहासन टिकलं. २००१ च्या राजवाड्यातल्या हत्याकांडानंतर गादीवर आलेल्या ज्ञानेंद्र यांनी उलटा रस्ता धरला. १ फेब्रुवारी २००५ रोजी सारी सत्ता हाती घेतली, पुढाऱ्यांना नजरकैदेत टाकलं, टेलिफोनसुद्धा बंद केले! माओवाद्यांशी लढायचं होतं म्हणे. झालं इतकंच, की तोवर घटनात्मक राजेशाहीवर समाधानी असलेले पक्षही त्याच वर्षी माओवाद्यांशी समझोता करून बसले.

एप्रिल २००६ मध्ये संचारबंदी मोडून काठमांडूच्या रिंगरोडवर लोटलेली गर्दी मी टीव्हीवर पाहिली होती. २१ तारखेला राजांनी ‘पंतप्रधानाचं नाव सुचवा’ म्हणून पाहिलं. वर्षभर आधी हेच बोलले असते, तर कदाचित भागलं असतं. लोक हटले नाहीत. २४ तारखेच्या रात्री संसद पुन्हा जिवंत करावी लागली. २८ मे २००८ रोजी संविधान सभेने ५६० विरुद्ध ४ मतांनी राजेशाहीच संपवली.

नोटांवरचा राजाचा चेहरा त्याआधीच गेला होता. तिथे आता सगरमाथा, म्हणजे एव्हरेस्ट आहे, आणि नारायणहिटी राजवाड्यात तिकीट काढून जाता येतं.

– एक वाचक, पुणे