भाषणातली भिंत आणि कापसाचे शुल्क

संपादक महोदय,

15 ऑगस्ट 2025 ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी शेतकरी, मच्छीमार आणि पशुपालकांच्या हिताआड येणाऱ्या धोरणापुढे आपण भिंतीसारखे उभे आहोत, असे सांगितले. अमेरिकेचे नाव घेतले नाही, पण रोख कुणाकडे होता हे सगळ्यांना कळले. तिसऱ्याच दिवशी, 18 ऑगस्टला, अर्थ मंत्रालयाची अधिसूचना निघाली आणि कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क 19 ऑगस्टपासून शून्यावर आले. ही दोन्ही पाने शेजारी ठेवूनच वाचायला हवीत.

या 11 टक्क्यांत 5 टक्के मूळ सीमाशुल्क, 5 टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर आणि या दोन्हींवरचा अधिभार होता. 32 मिमीहून लांब, म्हणजे अतिलांब धाग्याच्या कापसाला फेब्रुवारी 2024 मध्येच सूट मिळाली होती. म्हणजे जे शुल्क उरले होते ते विदर्भ-मराठवाड्यात पिकतो तशा कापसालाच आडोसा देत होते.

खरी मेख मुदतीत आहे. आधी सूट 30 सप्टेंबरपर्यंत होती. परदेशात सौदा करून गाठी बंदरात यायला दीड-दोन महिने सहज जातात, त्यामुळे तेवढ्या मुदतीत फारसा माल येणार नव्हता. मग 28 ऑगस्टला ती 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. ऑक्टोबर ते डिसेंबर हाच आपला पहिल्या-दुसऱ्या वेच्याचा काळ. जिनिंगवाला, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करणारा, कापसाचा भाव उलटा काढतो: 356 किलोच्या खंडीचा रुईचा दर, क्विंटलमागे 33 ते 35 किलो रुईचा उतारा, त्यात सरकीचे पैसे मिळवायचे आणि खर्च वजा करायचा. बंदरावरची रुई स्वस्त झाली की खंडी उतरते, आणि कात्री शेवटी कापसालाच लागते. शुल्क जाताच सीसीआयनेही, म्हणजे हमीभावाने खरेदी करणाऱ्या सरकारी भारतीय कापूस महामंडळानेही, आपल्या रुईचे विक्रीदर खाली आणले.

हमीभाव आहे ना, असे विचारले जाईल. आहे; 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याला क्विंटलमागे 8,110 रुपये होता. पण तो 8 टक्के आर्द्रतेला. पुढच्या प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात, म्हणजे 12 टक्क्यांना 7,785 रुपये 60 पैसे. त्यापुढे खरेदी केंद्रावर प्रत तपासणारा ग्रेडर गाडी परत पाठवतो. परतीच्या पावसात भिजलेला पहिला वेचा 12 च्या आत बसवणे किती जणांना जमते? वर सीसीआयला विकायचे तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी हवी. यात जो बसला नाही, तो खासगी व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो आणि तिथे भाव खंडीच्या हिशेबाने ठरतो.

गिरण्यांची अडचण खोटी नाही. 27 ऑगस्टपासून अमेरिकेने भारतीय मालावर एकूण 50 टक्के जादा शुल्क लावले. कपड्यांच्या ऑर्डरी जाऊ लागल्यावर कच्चा माल तरी स्वस्त द्या, ही मागणी रास्तच होती. पण तो दिलासा निर्यातदारांना थेट व्याज सवलतीतूनही देता आला असता. शुल्क काढल्याने देशी बाजारात विकणाऱ्या गिरणीलाही तोच फायदा मिळाला, आणि त्याची किंमत कोणी मोजली हे अधिसूचनेत लिहिलेले नसते.

पुढच्या कुठल्याही व्यापार कराराची बातमी देताना नेत्यांची वाक्ये जरूर छापा. सोबत सीमाशुल्क तक्त्यात 5201 या शीर्षासमोर, म्हणजे न पिंजलेल्या कापसासमोर, कोणता दर आहे आणि सूट कोणत्या महिन्यात संपते, तेही द्या.

– एक वाचक, वर्धा