उपदेश नसलेलं समुपदेशन

प्रिय मन्या,

काल फोनवर म्हणालास, "दोनदा गेलो बाबा, त्या समुपदेशक काही सांगतच नाहीत, नुसतं विचारतात." मी हसू कसंबसं आवरलं, कारण मीही पहिल्यांदा असाच वैतागून परतलो होतो.

हो, मी. तू शाळेत होतास तेव्हा मी लिफ्ट सोडून सहा मजले जिन्याने चढायचो, आठवतं? व्यायाम म्हणून सांगायचो. खरं म्हणजे लिफ्टचं दार लागलं की छातीत धडधड, तळहातांना घाम, आता जीव जातोय असं वाटायचं. डॉक्टरांनी तपासलं, हृदय ठणठणीत निघालं, तेव्हा त्यांनी समुपदेशकाकडे धाडलं.

समुपदेशन या शब्दात उपदेश दडलाय, पण तिथे तो मिळाला नाही. (तो घरीदारी फुकट मिळतच होता: "मनावर घेऊ नका.") त्यांनी वही लिहायला लावली. काय घडलं, त्या क्षणी मनात काय आलं, त्याला पुरावा काय. ॲरन बेक या मानसोपचारतज्ज्ञाने १९६० च्या दशकात घडवलेल्या उपचारपद्धतीतली ही वही. "माझा श्वास बंद पडणार" यापुढचा पुराव्याचा रकाना तीन आठवडे कोराच राहिला. तो कोरा रकाना बघूनच मी जरा सैलावलो.

मग लिफ्ट. आधी उघड्या दारासमोर नुसतं उभं राहायचं. मग आत. मग एकच मजला. घाबरलो तरी पळायचं नाही, कारण पळालं की हायसं वाटतं आणि त्या हायसं वाटण्यावरच भीती पोसली जाते. थांबलं तर ती चढते, चढते, आणि आपणहून ओसरते. हे कुणी नुसतं सांगितलं असतं तर मी मान डोलावून जिन्याकडेच वळलो असतो.

तुझं दुखणं निराळं. झोप नाही, कशात जीव रमत नाही. तुझी वहीही निराळी असेल. औषध लागलंच तर ते मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील, दोन्ही बरोबरीने चालतं. आणि त्या बाईंशी सूर जुळत नसेल तर त्यांनाच स्पष्ट सांग, ते ऐकणंही त्यांच्या कामातच येतं. तरी नाहीच जमलं तर दुसरं कुणी शोधू. पण दोन खेपांत निकाल लावू नकोस.

तिथलं बोलणं त्या बाहेर नेत नाहीत. कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा कायद्यानेच सांगणं भाग असेल, तेवढेच काय ते अपवाद. मलाही सांगायची गरज नाही. आई खोदून खोदून विचारेल, तिला मी आवरतो.

तुझा,
बाबा