१६६ कोटींचा आकडा जरा नीट वाचूया

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत महाभारत युद्धावर लेख आला होता, त्यात म्हटलंय की कुरुक्षेत्रावर १६६ कोटी माणसं मेली, हे खुद्द महाभारतातच लिहिलंय आणि म्हणून त्या काळी आजच्यापेक्षा मोठी अस्त्रं असलीच पाहिजेत. दुसऱ्या दिवशी त्या लेखाचा फोटो आमच्या पेठेतल्या मंडळाच्या ग्रुपवर आला आणि खाली जे भांडण लागलं ते दोन दिवस चाललं. अर्धी पोरं म्हणतायत बघा अणुबॉम्ब आपल्याकडंच होता, उरलेली म्हणतायत सगळ्या थापा आहेत, कशाला वाचायचं ते. मला दोन्हींचा त्रास झाला, कारण दोघांपैकी एकानंही तो आकडा ग्रंथात कुठं येतो, कोण कुणाला सांगतोय, कधी सांगतोय हे बघितलेलं नाही, लेखातही ते नव्हतं. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, पण जमलं तर पूर्ण छापा.

पहिल्यांदा सैन्याचं बघू. कौरवांचं ११ अक्षौहिणी, पांडवांचं ७, मिळून १८, हे सगळ्यांना पाठ आहे. एक अक्षौहिणी म्हणजे किती हे आदिपर्वातच सुरुवातीला दिलंय, २१,८७० रथ, तेवढेच हत्ती, ६५,६१० घोडेस्वार आणि १,०९,३५० पायदळ. हा आकडा तयार कसा होतो तेपण तिथंच आहे. एक रथ, एक हत्ती, तीन घोडे, पाच पायदळ एवढ्याला म्हणायचं पत्ती, मग तिला तीननं गुणत जायचं, सेनामुख, गुल्म, गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी, आणि शेवटी दहा अनीकिनी म्हणजे एक अक्षौहिणी. सात वेळा तिप्पट आणि एकदा दसपट. आता मला सांगा, खऱ्या लढाईत कुणाचं सैन्य असं पाढ्यात बसतं का? कुणाकडं हत्ती कमी असतात, कुणाचे घोडे वाटेत मरतात, कुणी ऐनवेळी येतच नाही. म्हणजे ही मैदानावर केलेली शिरगणती नाही, रचलेला आकडा आहे, आणि लई विचार करून रचलेला आहे. १८ अक्षौहिणी, १८ दिवस, १८ पर्वं, गीतेचे अध्यायपण १८. ज्यानं रचलं त्याला हिशोब येत नव्हता असं कुणी समजू नये.

तरी १८ अक्षौहिणी खऱ्या धरून चालू. रथ, हत्ती, घोडे, पायदळ सगळं मिळून ३९,३६,६०० होतात. ही नुसती माणसं नव्हेत, रथावर सारथी वेगळा, हत्तीवर माहूत वेगळा, रथाला जुंपलेले घोडे वेगळे, ते यात धरलेलेच नाहीत. माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली त्यामुळं माझं डोकं लगेच टनात चालतं. हत्ती ३,९३,६६०. एका मोठ्या हत्तीला दिवसाला साधारण दीडशे किलो चारा लागतो, म्हणजे नुसत्या हत्तींना रोज ५९ हजार टन. अठरा दिवसांचे साडेदहा लाख टन झाले, आपल्याकडचा एखादा मोठा कारखाना अख्ख्या सीझनमध्ये जेवढा ऊस गाळतो जवळपास तेवढा चारा, आणि तो बैलगाडीनं आणायचा, एका मैदानावर. वर घोडे आहेत, माणसं आहेत, पाणी आहे. सगळ्या भारतात जंगली हत्ती किती होते, तर २०१७ च्या गणनेत ३० हजाराच्या आसपास. त्याच्या तेरा पट हत्ती कुरुक्षेत्रावर उभे होते असं म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग चाऱ्याचं काय ते पण सांगा.

इतिहासात ज्यांची नोंद आहे ते आकडेपण शेजारी ठेवून बघावेत. इ.स.पू. ३२६ ला झेलमच्या काठी पोरस सिकंदराशी लढला, ग्रीकांनी त्याचे हत्ती २०० च्या आसपास सांगितलेत, आणि ग्रीक काय शत्रूचं सैन्य कमी करून सांगणारे नव्हेत. अशोकानं कलिंग जिंकलं तेव्हा १ लाख माणसं मारली गेली, दीड लाख पकडून नेली आणि त्याच्या कितीतरी पट नंतर मेली, हे त्यानं स्वतःच तेराव्या शिलालेखात कोरून ठेवलंय, आणि तेवढ्यानं तो राजा आतून हलला. हस्तिनापूरला १९५० ते ५२ मध्ये बी. बी. लाल यांनी उत्खनन केलं, तिथं महाभारताच्या काळाशी जी वस्ती जोडली जाते तिथल्या लोकांची राखाडी रंगाची रंगवलेली भांडी सापडली, मातीच्या भिंतींची घरं, कुडाची घरं सापडली. ऋग्वेदात दाशराज्ञ युद्ध आहे, रावीच्या काठी राजा सुदास विरुद्ध दहा राजे, एवढं गाजलेलं युद्ध आणि तिथं मेलेल्यांचा आकडा हजारांतच आहे. खरी युद्धं अशीच असणार. भाऊबंदकीचं एक मोठं युद्ध झालं असेल, घराणी बुडाली असतील, त्याच्या कथा सूतांनी पिढ्यान्‌पिढ्या गायल्या आणि त्या वाढत गेल्या. ग्रंथ वाढला हे तर ग्रंथच सांगतो, आदिपर्वात म्हटलंय की व्यासांची भारतसंहिता आधी २४ हजार श्लोकांची होती, पुढं तिला शतसाहस्री म्हणजे लाख श्लोकांची म्हणायला लागले. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ला काम सुरू करून १९६६ पर्यंत बाराशेपेक्षा जास्त हस्तलिखितं ताडून जी चिकित्सक आवृत्ती केली ती याच कारणासाठी, मूळ किती आणि भर किती हे शोधायला. आपल्याच महाराष्ट्रात सुकथनकरांसारख्या माणसानं त्यात आयुष्य घातलं, आणि आपण फॉरवर्ड वाचून भांडतोय याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता त्या १६६ कोटींकडं येतो. तो आकडा ग्रंथात खरंच आहे, लेखकानं खोटं लिहिलेलं नाही. पण गंमत म्हणून नव्हे तर लक्ष देऊन बघा, ग्रंथानं आधी सैन्य सांगितलं ३९ लाखांचं, सारथी माहूत सगळे धरले तरी कोटीच्या आत-बाहेर, आणि शेवटी मेलेले सांगितले १६६ कोटी २० हजार. चारशे पट. १९०० साली अख्ख्या जगाची लोकसंख्या जेवढी होती जवळपास तेवढी माणसं एका मैदानावर. अणुबॉम्ब घाला, अजून काय पाहिजे ते घाला, मुळात आलेलेच नसतील तर मरतील कुठून? ज्यानं अक्षौहिणीचा पाढा एवढा चोख रचला त्याला हा फरक दिसला नसेल असं मी तरी मानत नाही. तो आकडा वेगळ्या कामासाठी आलाय.

कुठं आलाय बघा. स्त्रीपर्वाच्या शेवटाकडं, सव्विसाव्या अध्यायात. युद्ध संपलंय. त्याच्या आधीचे कितीतरी अध्याय गांधारी रणांगण बघत फिरतेय, नवऱ्याची प्रेतं शोधणाऱ्या सुना दाखवतेय, कुणाला धड मिळालंय तर डोकं नाही, भूरिश्रव्याच्या बायकोला त्याचा तुटलेला हात मिळालाय आणि ती तो मांडीवर घेऊन बसलीय. हे सगळं झाल्यावर धृतराष्ट्र, ज्याचे शंभरच्या शंभर गेलेत, तो युधिष्ठिराला विचारतो की किती मेले रे? आणि युधिष्ठिर आकडा सांगतो. १६६ कोटी २० हजार, आणि ज्यांचा ठावठिकाणाच नाही असे २४,१६५. जिंकलेला पुतण्या हरलेल्या आंधळ्या काकाला सांगतोय. पुढं काका विचारतो, ज्यांचं रडायला कुणी नाही त्यांचं काय, त्यांना अग्नी कोण देणार? मग युधिष्ठिर विदुराला, संजयाला, धौम्याला, युयुत्सूला कामाला लावतो, चंदन, तूप, तेल गोळा होतं, मोडलेल्या रथांची लाकडं सरणाला वापरतात, राजांना वेगवेगळा अग्नी देतात आणि जे लांबच्या देशांतून आले होते, ज्यांचं तिथं कुणी नव्हतं, त्यांचे हजारोंनी ढीग करून विदुर त्यांना एकत्र अग्नी देतो. साहेब, हा अध्याय वाचताना माझ्या डोळ्यात पाणी येतं आणि लोक इथं बॉम्बचा पुरावा शोधतायत.

पुढचं तर अजून मोठं आहे. सगळे गंगेवर पाणी द्यायला जातात आणि तिथं कुंती पहिल्यांदा तोंड उघडते, म्हणते कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ. १६६ कोटींचा आकडा न अडखळता सांगणारा युधिष्ठिर या एका नावावर कोसळतो. म्हणतो की अभिमन्यू गेला, द्रौपदीची मुलं गेली त्याच्यापेक्षा शंभर पट हे दुःख आहे. कर्ण त्या कोटींत होताच की, मोजला होता, शत्रू म्हणून मोजला होता. माझ्या मते व्यासांना हेच दाखवायचं होतं आणि म्हणून आकडा एवढा प्रचंड हवा होता, माणसाच्या मनात मावणार नाही एवढा, आणि त्याच्या पाठोपाठ एक नाव. आकडा तुम्ही खराच धरून बसलात तर हे हातातून जातं, आणि थाप म्हणून टाकून दिलात तरी जातं.

रामायणातपण तसंच आहे. वानरसेना सांगताना कोटीच्या वर शंकू, महाशंकू, वृंद, पद्म, खर्व, समुद्र, महौघ असं चढत जातात, शेवटचा आकडा मांडायला गेलं तर एकावर पन्नासच्या वर शून्यं येतात, एवढी वानरं पृथ्वीवर उभी राहायला जागा नाही. पण हे सांगतंय कोण, तर शुक, रावणाचा हेर, समोर रावण बसलाय. घाबरून आलेला हेर राजाला सावध करतोय, त्या तोंडी तोच आकडा शोभतो. त्याच युद्धकांडात सेतूचा हिशोब मात्र कसा रोजंदारीसारखा आहे बघा, पहिल्या दिवशी १४ योजनं, मग २०, २१, २२, २३, पाच दिवसांत बरोबर १००. जिथं काम दाखवायचं तिथं कवी नीट बेरीज करतो, जिथं भीती दाखवायची तिथं बेरीज सोडून देतो.

आणि मराठी माणसाला हे समजायला अवघड का जावं? १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं, आपल्या आज्या काय म्हणायच्या, सव्वा लाख बांगडी फुटली. बांगड्या कुणी मोजल्या होत्या? कुणीच नाही, पण घराघरात ते खरं होतं. आणि जी बातमी आली त्यात दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये खुर्दा किती गेला त्याची गणती नाही असं लिहिलेलं. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊ. तिथंही मोठ्या माणसांची मोजदाद आहे आणि बाकीच्यांची गणती नाही. व्यासांनी निदान त्या खुर्द्याला अग्नी कोण देणार हे विचारलंय.

पराक्रम मोठा ठरायला आकडा मोठा लागतो हे तर कोल्हापूरच्या माणसानं म्हणूच नये. आपल्या गडहिंग्लज तालुक्यात नेसरी आहे, २४ फेब्रुवारी १६७४ ला तिथं प्रतापराव गुजर सहा जण बरोबर घेऊन बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले, सातच्या सात पडले. साडेतीनशे वर्षं झाली, त्या सातावर एक शून्य वाढवायची कुणाला गरज वाटली नाही. पन्हाळ्याहून विशाळगडाच्या वाटेवर बाजीप्रभूंनी खिंड अडवली ती तीनशे मावळ्यांवर. आपली पोरं दरवर्षी पावसात ती वाट चालतात, त्यांना लाखांचा हिशोब लागत नाही.

तर साहेब, माझी विनंती एवढीच की असा लेख परत छापाल तेव्हा आकड्याबरोबर पर्व, अध्याय आणि कोण कुणाला बोलतंय एवढं छापायला लावा, दोन ओळींचं काम आहे. आणि जमलं तर त्याच पुरवणीत एका रविवारी स्त्रीपर्वाचा तो शेवटचा भाग साध्या मराठीत द्या, पोरं वाचतील. आमच्या मंडळाचा यंदा गणपतीत कुरुक्षेत्राचा हलता देखावा करायचा विचार चाललाय, बाण, आग, धूर, मोठा साउंड. मी मीटिंगमध्ये सांगितलंय की त्यापेक्षा गंगेचा काठ करा, कुंती आणि पाच भाऊ एवढीच पात्रं, खर्चही निम्मा होईल. अजून ठरलेलं नाही. पोरं म्हणतायत गर्दी थांबणार नाही, मी म्हणतोय थांबेल, तुमच्या पेपरात त्याआधी ते छापून आलं तर मला त्यांना पटवायला सोपं जाईल.

आपला,
एक जुना वाचक
शिवाजी पेठ, कोल्हापूर